जगज्जेत्याचा अपुरा डाव

१९२५ सालचा नोव्हेंबर महिना. मॉस्कोत मोठी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. त्या काळचा जगज्जेता, क्यूबाचा कापाब्लांका, स्पर्धेतून थोडी सवड काढून लेनिनग्राडला आला होता. तिथे त्याने स्थानिक खेळाडूंशी एकाच वेळी अनेक पटांवर सामना केला. जगज्जेता एका पटापासून दुसऱ्या पटाकडे फिरत राहतो, क्षणभर थांबतो, चाल करतो आणि पुढे सरकतो, असा हा प्रकार. त्या दिवशी एका पटापाशी चौदा वर्षांचा एक शाळकरी मुलगा बसला होता. त्याने जगज्जेत्याला हरवले.

हा मुलगा म्हणजे मिखाईल बॉटविनिक. पुढे तो स्वतः जगज्जेता झाला, एकदा नव्हे, तीन वेळा ते पद त्याने मिळवले. सोव्हिएत बुद्धिबळाचा पितामह म्हणून त्याचे नाव घेतले जाते. बुद्धिबळाच्या कोणत्याही इतिहासात एवढी माहिती सापडते. मला मात्र त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध नेहमीच अधिक विलक्षण वाटत आला आहे. जे मिळवायचे ते सारे मिळवून झाल्यावर या माणसाने उरलेली तीसेक वर्षे एका यंत्राला बुद्धिबळ शिकवण्यात घालवली. आणि ते यंत्र कोणत्याही स्पर्धेत एकही पूर्ण डाव खेळले नाही!

असे का व्हावे? ज्याला साऱ्या जगाने गुरू मानले, त्याने हा खटाटोप कशासाठी करावा?

मिखाईलचा जन्म १७ ऑगस्ट १९११ रोजी कुओक्काला या गावी झाला. ते गाव तेव्हा झारच्या अमलाखालच्या फिनलंडमध्ये होते, आता ते रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ आहे. वडील दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ, आई दंतवैद्य. मुलगा नऊ वर्षांचा असताना वडील घर सोडून वेगळे झाले. आई आजारी. १९२३ सालच्या शरद ऋतूत थोरल्या भावाच्या एका शाळासोबत्याने घरीच बनवलेल्या मोहऱ्या मांडून त्याला हा खेळ शिकवला. मिखाईल तेव्हा बारा वर्षांचा होता. आजच्या मानाने हे वय उशिराचेच म्हणायचे, पण खेळाने त्याला पाहता पाहता वेड लावले.

शाळेच्या पहिल्या स्पर्धेत तो मधेच कुठेतरी राहिला. मग भावाच्या आणखी एका मित्राचा सल्ला घेतला आणि त्यातून एक धडा मनाशी पक्का केला : मोघम तत्त्वे पाठ करून भागत नाही. समोरच्या पटावर नेमके काय आहे त्याचा आधी विचार करायचा, तत्त्वे मागाहून. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपण विचार कसा करतो याविषयी कुतूहल वाटावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज त्यात आहे.

वीस वर्षांचा असताना, १९३१ साली, तो सोव्हिएत संघाचा विजेता झाला. त्याच सुमारास लेनिनग्राडच्या पॉलिटेक्निक संस्थेत त्याचे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण चालू होते. हे शिक्षण नावापुरते नव्हते. उच्च दाबाच्या वीजवाहिन्या, विजेची मोठी यंत्रे हा बॉटविनिक यांचा जन्मभराचा व्यवसाय राहिला. महायुद्धात अधू दृष्टीमुळे सैन्याने त्यांना घेतले नाही. पत्नी गायाने लेनिनग्राडच्या प्रख्यात बॅले संस्थेत नर्तिका होती. ती संस्था उरल पर्वताजवळच्या पर्म शहरी हलवली गेली, तेव्हा बॉटविनिकही तिथे गेले आणि वीजखात्यात नोकरी करू लागले. १९५१ साली त्यांनी अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवली, तेव्हा जगज्जेतेपद त्यांच्याकडेच होते. दिवसा कचेरी आणि रात्री आपला ध्यास, असे दुहेरी आयुष्य जगणारे आपल्याकडे थोडे नाहीत. मी स्वतः बँकेची नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या. यात ओढाताण होते, पण एका कामाची शिस्त दुसऱ्या कामात झिरपते हेही खरे. बॉटविनिक यांच्या बाबतीत तर अभियंत्याची शिस्तच पटावर उतरली.

ते प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव फायली तपासाव्यात तसे तपासत. आपल्या डावांचे विश्लेषण लिहून छापत, म्हणजे चुका दाखवायला इतरांना वाव राहील आणि स्वतःची फसवणूक होणार नाही. समोरचा खेळाडू सिगारेट ओढणारा असेल तर धुराचा त्रास होऊ नये, म्हणून सरावाच्या डावात मित्राला मुद्दाम धूर सोडायला सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

१९४६ साली जगज्जेता आलेखाइन मरण पावला आणि पद रिकामे झाले. १९४८ साली हेग आणि मॉस्को या दोन शहरांत पाच दिग्गजांची स्पर्धा झाली. बॉटविनिक यांनी २० पैकी १४ गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरचा स्मिस्लॉव तीन गुणांनी मागे होता. पुढे १९५७ साली याच स्मिस्लॉवने त्यांचे पद हिरावून घेतले, १९५८ साली त्यांनी ते परत मिळवले. १९६० साली तेवीस वर्षांच्या मिखाईल तालच्या वादळी खेळापुढे ते हरले. हा माणूस आता संपला, असेच अनेकांना वाटले. बॉटविनिक यांनी वर्षभर तालच्या डावांचा काथ्याकूट केला आणि १९६१ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याला १३ विरुद्ध ८ असे नमवले. अखेर १९६३ साली पेट्रोशियानने त्यांना हरवले. पराभूत जगज्जेत्याला परतीचा सामना मागण्याचा हक्क तोवर रद्द झाला होता. त्यानंतर बॉटविनिक त्या पदाच्या वाटेला गेले नाहीत. १९७० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्पर्धात्मक खेळ सोडून दिला.

सत्कार घ्यावेत, आठवणी लिहाव्यात, असे हे वय. पण बॉटविनिक यांच्या डोक्यात बरीच वर्षे दुसरेच काही घोळत होते.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाचे एक थोर गणिती होते. तार आणि टेलिफोन यांवरून जाणाऱ्या संदेशाचे माप कसे काढावे, हे त्यांनी जगाला शिकवले. १९५० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, विषय होता संगणकाला बुद्धिबळ खेळायला कसे लावावे. शॅनन यांनी साधा हिशेब मांडला. पटावरच्या कोणत्याही स्थितीत सरासरी तीसेक चाली शक्य असतात. डाव चाळीस चालींचा धरला, तर शक्य असलेल्या डावांची संख्या होते एकावर १२० शून्ये. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात एक डाव तपासणारे यंत्र केले, तरी पहिली चाल ठरवायला त्याला एकावर ९० शून्ये इतकी वर्षे लागतील!

तेव्हा सगळेच तपासणे शक्य नाही. मग दोन रस्ते उरतात. पहिला असा की, काही ठरावीक चालींपर्यंत झाडून साऱ्या शक्यता तपासायच्या आणि त्यांतली बरी दिसेल ती निवडायची. दुसरा असा की, अर्थहीन चाली सुरुवातीलाच टाकून द्यायच्या आणि मोजक्याच चाली खोलवर तपासायच्या. आपल्या मंडईचे उदाहरण घेऊ. नवखा माणूस पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत प्रत्येक ढीग पाहत, भाव विचारत जातो. मुरलेली गृहिणी आत शिरते, चारी बाजूंना एक नजर टाकते आणि नेमक्या दोन गाळ्यांपाशी जाऊन उभी राहते. मधले पन्नास ढीग तिने पाहिलेच नाहीत असे नाही, पण तिला ते तपासावे लागले नाहीत. उस्ताद खेळाडू या गृहिणीसारखा असतो. प्रश्न एवढाच की, हे तिला कसे जमते ते तिलाच विचारले तर ती काय सांगणार?

नेमक्या याच प्रश्नाने बॉटविनिक यांना पछाडले. १९६५ साली शॅनन मॉस्कोला आले तेव्हा दोघे समोरासमोर पटावर बसले. शॅनन यांनी बरी झुंज दिली आणि बेचाळीस चालींत ते हरले. यंत्राला खेळ शिकवण्याचे दोन रस्ते दाखवणारा गणिती आणि त्यांतला अवघड रस्ता धरणारा उस्ताद यांचा हा डाव. १९६८ साली बॉटविनिक यांचे यंत्राच्या खेळावरचे पुस्तक निघाले आणि दोनच वर्षांत ते इंग्रजीतही आले. मॉस्कोतल्या वीजसंशोधन संस्थेत त्यांनी काही तरुण गणिती आणि अभियंते गोळा केले. पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले बोरिस स्टिलमन हे त्यांपैकी एक, ते १९७२ पासून या कामात होते. कार्यक्रमाला नाव दिले ‘पायोनियर’, म्हणजे नव्या वाटेने पुढे जाणारा.

त्या काळी इतरांचे काय चालले होते तेही पाहायला हवे. १९६६ साली मॉस्कोतली एक भौतिकशास्त्र संस्था आणि अमेरिकेतले स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संगणकांत तारेने चार डाव खेळले गेले. हा सामना नऊ महिने चालला. अमेरिकेचे यंत्र निवडक चालींचे, मॉस्कोचे यंत्र सरसकट तपासणीचे. मॉस्कोच्या यंत्राने ३ विरुद्ध १ गुणांनी बाजी मारली. त्याच परंपरेतल्या ‘काइसा’ या सोव्हिएत कार्यक्रमाने १९७४ साली स्टॉकहोमला संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा जिंकली. म्हणजे बॉटविनिक यांच्याच शहरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, दुसरा रस्ता यशस्वी होत होता. त्यांनी आपला रस्ता बदलला नाही.

हा रस्ता कसा होता? बॉटविनिक म्हणत की, बुद्धिबळात नजीकचे उद्दिष्ट एकच असते, शत्रूची मोहरी मारणे. तेव्हा आधी सावज ठरवायचे. मग आपला कोणता मोहरा, कोणत्या वाटेने, किती चालींत तिथे पोहोचेल ते पाहायचे. पुढे, ती वाट अडवायला शत्रूचा कोणता मोहरा वेळेत येऊ शकेल ते पाहायचे. त्यानंतर, त्या अडवणाऱ्याला आपला कोणता मोहरा वेळेत दूर करील ते. वेळेत पोहोचू न शकणारा हत्ती असो की वजीर, त्याचा विचारच करायचा नाही. अशी पटावर कुरुक्षेत्रे आखायची आणि विचार त्यांच्याच हद्दीत ठेवायचा. चौसष्ट घरे आणि बत्तीस मोहऱ्या यांच्या गर्दीतून मग हाताळता येण्याजोगे एक लहानसे युद्ध उरते.

या विचाराची गंमत रेटीच्या प्रसिद्ध कोड्यातून कळते. १९२१ साली रचलेल्या त्या कोड्यात पटावर केवळ चार मोहऱ्या आहेत, दोन राजे आणि दोन प्यादी. काळे प्यादे वजीर व्हायला धावते आहे. पांढरा राजा इतका मागे आहे की ते त्याच्या हाती लागणे शक्य दिसत नाही. स्वतःच्या प्याद्याच्या मदतीला जावे तर तेही दूर, आणि काळा राजा त्या प्याद्याच्या उशाशीच बसलेला. पांढऱ्याचा डाव बुडाला, असे कोणीही म्हणेल. पण पांढरा राजा तिरपा चालू लागतो. पटावर तिरपे पाऊल आणि सरळ पाऊल दोन्हींना एकच चाल लागते. त्यामुळे प्रत्येक पावलाबरोबर तो शत्रूच्या प्याद्याच्याही जवळ येतो आणि आपल्या प्याद्याच्याही. एका दगडात दोन पक्षी! काळ्याने एक वाट बंद केली की दुसरी उघडते, आणि हरलेला डाव बरोबरीत सुटतो. ‘पायोनियर’ने हे कोडे सोडवले. १९७७ साली त्याने जॉर्जियाचे कोडेकार नादारेइश्विली यांची याहून कितीतरी अवघड रचना सोडवली, आणि त्यासाठी केवळ दोनशेच्या आसपास स्थिती तपासल्या. सरसकट तपासणाऱ्या यंत्राला तिथे लाखो स्थिती चाळाव्या लागल्या असत्या. बॉटविनिक यांच्या आयुष्यातले हे मोठे समाधान असावे.

त्याच वर्षी कॅनडात टोरांटोला संगणकांची दुसरी जागतिक स्पर्धा भरली. सन्माननीय पाहुणे म्हणून बॉटविनिक हजर होते. ‘काइसा’च्या राजाला शह मिळाला. राजा एक घर बाजूला सरकवला की झाले, अशी साधी स्थिती. ‘काइसा’ने त्याऐवजी आपला हत्ती मधे टाकून फुकट घालवला. पाहणारे चकित झाले. यंत्रात काही बिघाड झाला असावा, असे साऱ्यांना वाटले, बॉटविनिक यांनाही वाटले. हत्ती गेला आणि पुढे डावही गेला. डाव संपल्यावर यंत्राला राजा हलवून दाखवला, तेव्हा त्याने उत्तर काढून दिले. राजा सरकला असता, तर प्रतिस्पर्ध्याने वजीर बळी देऊन थोड्याच चालींत मात केली असती. सभागृहातल्या कोणाही जाणकाराला ही मात दिसली नव्हती. माजी जगज्जेत्याच्या नजरेने जी चाल अर्थहीन म्हणून टाकून दिली, तीच चाल सरसकट तपासणाऱ्या यंत्राने हेरली होती.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. बॉटविनिक मॉस्कोला परतले आणि आपल्या कामाला लागले.

अडचणी काही थोड्या नव्हत्या. सोव्हिएत देशात चांगल्या संगणकांचा तुटवडा होता. खरी अडचण मात्र त्याहून खोल होती. सावज दिसत असेल तेव्हा कुरुक्षेत्र आखता येते, पण पटावर सारे शांत असते तेव्हा उस्ताद काय करतो? तो घोडा एका बऱ्या घरी नेऊन ठेवतो, एखादे प्यादे एक घर पुढे सरकवतो. का, हे त्याला उमगलेले असते, पण यंत्राला सांगता येईल अशा शब्दांत उतरवता येत नाही. जगातल्या सर्वोत्तम डोक्यांपैकी एक डोके स्वतःच्याच पायवाटा शोधत होते, आणि त्या पायवाटा पुढे गवतात हरवत होत्या. ‘पायोनियर’ कोडी सोडवत राहिला, सलग डाव खेळण्याइतका तो कधी पुरा झाला नाही.

या कामाला एक फळ मात्र आले, आणि तेही बॉटविनिक यांच्या दुसऱ्या घरी. वीजकेंद्रांतली यंत्रे दुरुस्तीसाठी आळीपाळीने बंद ठेवावी लागतात. कोणते यंत्र कधी बंद करावे, म्हणजे दुरुस्तीही होईल आणि विजेचा तुटवडाही पडणार नाही, हे कोडे बुद्धिबळासारखेच अफाट शक्यतांचे. ‘पायोनियर’ची पद्धत सोव्हिएत वीजखात्यात अशा दुरुस्तीच्या वेळापत्रकांसाठी वापरली गेली. भारनियमनाची झळ सोसलेल्या आपल्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

यंत्र शिकत नव्हते, तरी माणसे शिकत होती. बॉटविनिक यांच्या बुद्धिबळ शाळेत कार्पोव शिकला. १९७३ साली बाकूहून दहा वर्षांचा एक मुलगा तिथे आला, त्याचे नाव गॅरी कास्पारोव. बऱ्याच वर्षांनी क्रॅमनिकही आला. तिघेही पुढे जगज्जेते झाले. जे यंत्राला लिहून देता येत नव्हते, ते मुलांना समोर बसवून, त्यांचे डाव त्यांनाच उलगडायला लावून देता येत होते. आपल्याकडची गाण्याची तालीम काही वेगळी नसते.

सोव्हिएत संघ कोसळला, संशोधनाचे पैसे आटले. बॉटविनिक यांनी नव्या नावाने पुन्हा कार्यक्रम लिहायला घेतला. एका डोळ्याने दिसेनासे झाले होते, दुसऱ्याने जेमतेम दिसे. तरीही १९९५ सालच्या मार्चपर्यंत ते कामावर जात होते. ५ मे १९९५ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. वय त्र्याऐंशी.

दोन वर्षांनी, मे १९९७ मध्ये, न्यूयॉर्कला ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. हे यंत्र सेकंदाला २० कोटी स्थिती तपासू शकत होते. म्हणजे सरसकट तपासणीच्या रस्त्याने जाणारे यंत्र जिंकले आणि हरला तो बॉटविनिक यांचाच शिष्य. गुरूचे सारे श्रम वाया गेले, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर उत्तर देणे अवघड होते.

पण डाव तिथेही संपला नव्हता. २०१७ साली ‘अल्फाझीरो’ नावाचा कार्यक्रम आला. त्याला फक्त नियम सांगितले होते. स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून तो शिकला आणि तेव्हाच्या बलाढ्य ‘स्टॉकफिश’शी १०० डाव खेळला. २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. ‘स्टॉकफिश’ सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, ‘अल्फाझीरो’ केवळ ८० हजार. थोडे पाहावे, पण नेमके पाहावे, हे बॉटविनिक यांचे म्हणणे अखेर खरे ठरले. त्यांचे दुसरे म्हणणे, उस्तादाने आपली रीत यंत्राला शब्दांनी शिकवावी, ते मात्र खरे ठरले नाही. नेमके पाहण्याची नजर यंत्राने आपली आपण कमावली. आणि ती नजर कशी काम करते ते त्यालाही सांगता येत नाही, मंडईतल्या त्या गृहिणीसारखेच.

म्हणूनच मला वाटते की, बॉटविनिक यांची कहाणी निव्वळ यशापयशाच्या फूटपट्टीने मोजू नये. ज्यांना फक्त जिंकणारे यंत्र हवे होते, त्यांनी ते केले आणि त्यांचे काम संपले. १९९७ नंतर ‘डीप ब्लू’ पुन्हा कधी सामना खेळला नाही. बॉटविनिक यांना हवे होते ते निराळेच. जिंकणे त्यांनी पटावर बसून केव्हाच अनुभवले होते. ज्या खेळावर बारा वर्षांचे असल्यापासून जीव जडला, तो खेळताना आपल्या आत काय घडते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. यंत्र हा त्यासाठी समोर धरलेला आरसा होता. यंत्राला काही समजावून सांगायचे तर हातवारे चालत नाहीत, आपली थोरवी चालत नाही, आपल्याला खरोखर कळले आहे तेवढेच सांगता येते. एवढ्या कठोर परीक्षकापुढे जगज्जेत्याने साठी-सत्तरी उलटल्यावर रोज नव्याने बसावे, याला खेळावरचे प्रेम म्हणायचे नाही तर काय?

आपल्यापैकी प्रत्येकाला काही ना काही येते. कोणाला पुरणपोळी, कोणाला तबला, कोणाला हिशेब. ते आपल्याला कसे येते, हे शोधण्याच्या भानगडीत आपण सहसा पडत नाही. तो शोध पुरा होत नाही, हे बॉटविनिक यांनी तीस वर्षे खर्चून दाखवून दिले. पण वाटेत त्यांच्या हाताखालून तीन जगज्जेते घडले आणि एका मोठ्या देशाच्या वीजकेंद्रांच्या दुरुस्तीची वेळापत्रके आखण्याची नवी रीत निघाली. अपुऱ्या राहिलेल्या डावाची कमाई म्हणून हे काही कमी नाही.